डोडोचे खरे नाव

आमच्या टीव्हीशेजारी एक लाकडी डोडो आहे. माझी भाची मॉरिशसला फिरायला गेली होती, तिने येताना आणला. वीतभर उंची, सुटलेले पोट, वाकडी चोच आणि चेहऱ्यावर अगदी बावळट भाव. घरी येणारा-जाणारा त्याला उचलून बघतो आणि हसतो. मीही हसत असे. गेल्या दिवाळीनंतर मात्र मला त्याच्याकडे बघून हसू येईनासे झाले. त्याचे कारण सांगते, पण त्यासाठी आधी शाळेत जायला हवे.

१९८७ साली दहावी झालेल्या माझ्या विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत मेळावा भरवला होता. आम्हा जुन्या शिक्षकांना आग्रहाचे बोलावणे होते. सगळे आता पन्नाशी ओलांडलेले. कोणाचे केस गेलेले, कोणाला नातू झालेला. एक जण पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, ओळखलंत का? मी डोडो."

सगळे हसले. मीही हसले. म्हटले, "अरे डोडो, किती मोठा झालास!" त्याचे मोटारी आणि पंप रिवाइंडिंगचे वर्कशॉप आहे, हाताखाली चार माणसे आहेत. मुलगी फार्मसीला आहे. त्याने कंदी पेढ्यांचा पुडा हातात ठेवला, मुलीची ओळख करून दिली, फोटो काढले. मन अगदी भरून आले.

घरी आल्यावर ह्यांना सांगायला लागले, अमका भेटला, तमकी भेटली. त्याच्यापाशी आले आणि अडखळले. त्याचे नाव काय? आठवेना. आडनाव? तेही नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हजेरीपट डोळ्यांसमोर आणून पाहिला. नुसते 'डोडो'. तो मुद्दाम ते नाव सांगून भेटला होता, कारण त्याला खात्री होती की बाईंना दुसरे नाव आठवणार नाही. आणि वाचकहो, ते नाव त्याला मीच दिले होते.

प्रसंग सांगते. हा मुलगा सातवीत होता. माझे विषय मराठी आणि इतिहास. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते म्हणून मी बदली तासाला गेले. कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत मी नुकतेच डोडोबद्दल वाचले होते, तेच रंगवून सांगितले. एक होता डोडो. लठ्ठ, मंद, उडता येत नाही, पळता येत नाही. माणूस दिसला की पळून जायचे सोडून आपणच जवळ यायचा. खलाशांनी काठ्यांनी मारून खाऊन टाकला. तात्पर्य, जगात मूर्खाचा निभाव लागत नाही! वर्ग खूष झाला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हा उठला. वाचनात कच्चा, बोलताना अडखळणारा. म्हणाला, "बाई, पण त्याला कसं कळणार माणूस मारतो म्हणून? त्यानं माणूस आधी बघितलाच नव्हता ना?"

त्या वेळी मला तो वात्रटपणा वाटला की बावळटपणा, आता सांगता येत नाही. मी म्हणाले, "झालं! हा बघा आपल्या वर्गातला डोडो." वर्ग खो खो हसला. तो खाली बसला. दहावीपर्यंत तो डोडोच राहिला, आणि मेळाव्यात कळले की व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आजही डोडोच आहे.

त्या रात्री ठरवले की ज्या पक्ष्याचे नाव एका मुलाला चिकटवले, त्याची खरी हकीगत तरी नीट वाचायची. नातीने संगणकावर शोधून दिले, काही पुस्तके ग्रंथालयातून आणली. चार महिने तेच वाचत होते. जे हाती लागले ते इथे मांडते.

डोडो फक्त मॉरिशस बेटावर होता, जगात दुसरीकडे कुठेही नाही. हे बेट हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला, ज्वालामुखीतून वर आलेले. क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. तिथे दाट जंगल होते, काळ्या शिसवीसारख्या एबनीचे वृक्ष होते, ताडामाडाच्या जाती होत्या, महाकाय कासवे होती. जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. मांजर, कोल्हा, उंदीर, माकड, काही नाही. सस्तनांमधली फक्त वटवाघळे तिथे पोहोचली होती, कारण ती उडू शकतात. आणि माणूसही कायमचा राहत नव्हता. अरब खलाशांना बेट माहीत होते, सोळाव्या शतकात पोर्तुगीजही येऊन गेले, पण वस्ती कोणी केली नाही.

अशा ठिकाणी फार पूर्वी कबुतराच्या कुळातले पक्षी उडत येऊन पोहोचले. होय, डोडो हे एक कबुतर होते! १८४२ मध्ये राइनहार्ट नावाच्या डॅनिश अभ्यासकाने पहिल्यांदा तसे म्हटले, तेव्हा लोक त्याला हसले होते म्हणतात. १८४८ मध्ये स्ट्रिकलँड आणि मेलव्हिल या दोघांनी सबंध ग्रंथ लिहून ते सिद्ध केले. पुढे २००२ मध्ये बेथ शॅपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या डोडोच्या अवशेषातून डीएनए काढून तपासला. तेव्हा कळले की हयात पक्ष्यांमध्ये डोडोचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे निकोबारी कबुतर. आपल्याच निकोबार बेटांवरचे, मानेवर लांब पिसांची आयाळ असलेले, हिरवे-तांबूस झळकणारे सुंदर पाखरू! ते आजही समुद्र ओलांडून बेटाबेटांवर उडत जाते. डोडोच्या पूर्वजांनीही कधीतरी असाच समुद्र ओलांडला असणार.

मॉरिशसवर उतरल्यावर पळून जावे असा शत्रू नव्हता आणि फळे जमिनीवर पडत होती. पंख बाळगायला खर्च फार. उडण्याचे स्नायू पोसावे लागतात, अंग हलके ठेवावे लागते. लाखो वर्षांत पंख लहान होत गेले, पाय दणकट झाले, अंग वाढले. सुमारे एक मीटर उंची, वजन दहा ते अठरा किलोच्या दरम्यान. करड्या-तपकिरी रंगाचा, चेहरा पिसांविना उघडा, चोच मोठी आणि टोकाला आकडीसारखी वळलेली. कठीण कवचाची फळे पचवायला तो दगड गिळायचा आणि ते पोटात जात्यासारखे काम करायचे. १६३८ मध्ये लंडनमध्ये एका घरात जिवंत डोडो पैसे घेऊन दाखवत होते. हॅमन लेस्ट्रेंज नावाच्या गृहस्थाने तो पाहिला आणि तिथे ठेवलेले खडे तो गिळतो असे लिहून ठेवले आहे.

२०१७ मध्ये डोडोच्या हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणखी काही कळले. मॉरिशसला नोव्हेंबर ते मार्च चक्रीवादळांचा हंगाम. वादळांनी झाडे झोडपली की खाण्याची टंचाई. डोडोची पिल्ले ऑगस्टच्या सुमारास अंड्यातून बाहेर पडत आणि वादळे येण्याआधी झपाट्याने वाढून मोठी होत. मोठे पक्षी वादळे सरल्यावर, मार्चच्या सुमारास पिसे टाकून नवी धारण करत. आमच्या कोकणातला शेतकरी मृगाचा अंदाज धरून पेरणी करतो, त्यातलाच हा प्रकार. असे जगणाऱ्याला मंद कसे म्हणायचे?

मग त्याला मंद म्हटले कोणी? इथून माझ्या आवडीचा विषय सुरू होतो, म्हणजे इतिहास.

सप्टेंबर १५९८ मध्ये वायब्रांड व्हॅन वारवाइक याच्या हाताखालची डच जहाजे वादळाने भरकटत या बेटाला लागली. त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटाला मॉरिशस नाव दिले. किनाऱ्यावर उतरल्यावर हे पक्षी दिसले. खलाशांचा महिनोन्‌महिन्यांचा प्रवास, ताज्या मांसाला आसुसलेले. त्यांनी पक्षी शिजवला. जितका जास्त शिजवावा तितका चिवट होतो आणि चव बिघडते, अशी तक्रार केली. बेटावर पारवे भरपूर होते, ते जास्त चविष्ट. म्हणून त्यांनी या पक्ष्याला नाव दिले 'वाल्गफोगेल', अर्थ साधारण शिसारी आणणारा पक्षी. पहिले नाव हे असे, आचाऱ्याच्या तक्रारीतून आलेले.

दुसरे नाव 'डोडो'. ते कुठून आले याबद्दल दोन मते आहेत. एक, डच भाषेतल्या आळशी या अर्थाच्या शब्दावरून. दुसरे, पार्श्वभागी पिसांचा झुबका असलेल्या एका पाणपक्ष्याच्या डच नावावरून, आणि ते नावही तसे ग्राम्यच. तिसरे नाव शास्त्रज्ञांनी दिले. लिनीयसने १७५८ मध्ये त्याला चक्क शहामृगाच्या पंगतीत बसवले होते. १७६६ मध्ये त्याने वेगळे नाव दिले, 'डायडस इनेप्टस'. इनेप्टस म्हणजे बेंगरूळ, काही न जमणारा. लिनीयसने डोडो पाहिला नव्हता. त्याच्या जन्माआधीच डोडो संपला होता. म्हणजे वर्गशिक्षकाने मुलाला न बघताच प्रगतिपुस्तकावर 'ढ' असा शेरा मारल्यासारखे झाले. (आपल्याकडच्या 'ढ'चेही असेच. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरे बदलत गेली, ढ मात्र तसाच राहिला, म्हणून प्रगती न करणारा तो ढ, असे सांगतात. बिचाऱ्या अक्षराचा काय दोष!)

आता पुरावा काय सांगतो ते पाहा. २०१६ मध्ये युजिनिया गोल्ड आणि सहकाऱ्यांनी डोडोच्या एका जपून ठेवलेल्या कवटीचे क्ष-किरणांनी आतून मोजमाप केले. शरीराच्या मानाने मेंदू अगदी बेताचा निघाला. इतर कबुतरांचा असतो तेवढाच, ना कमी ना जास्त. उलट वास घेण्याचा भाग कबुतरांच्या मानाने मोठा होता. जंगलात जमिनीवर पिकून पडलेली फळे हुडकणाऱ्याला तेच उपयोगाचे. आणि कबुतर हे काही मूर्ख पाखरू नाही. निरोप घेऊन शेकडो मैलांवरून घरी परतणारा पक्षी आहे तो.

आणि तो लठ्ठपणा? तो चित्रकारांनी दिला. रोलांट सावरी याने १६२६ च्या सुमारास काढलेले गुबगुबीत डोडोचे चित्र फार गाजले, आज ते लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. पुढच्या बहुतेकांनी त्यावरूनच डोडो काढला. लुईस कॅरोलच्या 'अ‍ॅलिस'मधला १८६५ चा डोडो त्याच घराण्यातला आणि आमच्या टीव्हीशेजारचाही. इतकेच काय, रिचर्ड ओवेन हा मोठा शास्त्रज्ञ, त्याने १८६६ मध्ये डोडोचा सांगाडा मांडला तो सावरीच्या चित्राच्या रेषेत हाडे बसवून! चित्र खरे आणि हाडे त्यात कोंबायची. पुढे १८६९ मध्ये त्याने चूक दुरुस्त केली, सांगाडा ताठ उभा केला. पण तोपर्यंत लठ्ठ डोडो जगभर झाला होता. चूक लवकर पसरते, दुरुस्ती मागून लंगडत येते, हा आम्हा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे.

याउलट एक चित्र आहे आपल्या देशातले, आणि ते पाहून मला फार बरे वाटले. जहांगीर बादशहाला प्राण्या-पक्ष्यांचा नाद होता. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून त्याच्यासाठी नवलाचे प्राणी आणले, त्यात टर्की पक्षी होता. बादशहाने त्याचे वर्णन स्वतः लिहिले आणि चित्रही काढवून घेतले. त्याच्या दरबारी मन्सूर हा चित्रकार होता, त्याला 'नादिर-उल-अस्र' म्हणजे युगाचे आश्चर्य अशी पदवी होती. १६२५ च्या सुमाराचे डोडोचे एक मुघल चित्र मन्सूरचे मानले जाते. ते रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांच्या नजरेआडच होते. या चित्रात डोडो सडपातळ आहे, तपकिरी आहे, नेटका उभा आहे आणि भोवती इतर पक्षी आहेत. अभ्यासक त्याला डोडोच्या सर्वांत विश्वसनीय चित्रांपैकी एक मानतात. मन्सूरने त्याच्या फजितीचे चित्र काढले नाही, समोर होता तसा काढला.

डोडो हिंदुस्थानात होता याला दुसरा आधार आहे. पीटर मंडी हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस १६२८ ते १६३४ या काळात इकडे होता. त्याने सुरतेच्या वखारीत मॉरिशसहून आणलेले दोन डोडो पाहिल्याचे लिहिले आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला, तो धडा मी किमान तीस वर्षे शिकवला. इंग्रजांच्या वखारीचा उल्लेख दर वर्षी केला. पण त्याच शहरात तीस-पस्तीस वर्षे आधी दोन डोडो होते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले! मंडीला एक प्रश्न पडला होता. ज्याला उडता येत नाही, पोहता येत नाही, तो पक्षी सगळ्या जमिनीपासून इतक्या दूरच्या त्या एकाच बेटावर आला कसा? डार्विनच्या दोनशे वर्षे आधी पडलेला हा किती चांगला प्रश्न! त्याला कोणी डोडो म्हटले नाही, कारण तो शेवटच्या बाकावर बसत नव्हता.

आता मरणाची गोष्ट. खलाशांनी खाऊन संपवला हे पूर्ण खरे नाही. खलाशी मारत होते, पण बेटावर वस्ती मूठभरच होती. डचांनी १६३८ मध्ये पहिली वसाहत केली, १६५८ मध्ये सोडली, १६६४ मध्ये परत आले आणि १७१० मध्ये कायमचे गेले. खरा घात जहाजांतून उतरलेल्या इतर पाहुण्यांनी केला. उंदीर, डुकरे, माकडे. डोडोचे घरटे जमिनीवर असायचे. फ्रांस्वा कोश नावाचा फ्रेंच प्रवासी लिहितो की गवताच्या बिछान्यावर तो एकच अंडे घाली. दहा अंडी घालणाऱ्याची आठ गेली तरी वंश चालतो. एक घालणाऱ्याचे एक गेले की त्या वर्षाचा हिशेब संपला. शिवाय एबनीसाठी जंगल तोडले जात होते. सत्तर-ऐंशी वर्षांत लाखो वर्षांचा संसार उठला.

डोडो शेवटचा कधी दिसला याबद्दल वाद आहेत. १६८० च्या दशकातल्या काही नोंदींतही डोडो हे नाव येते, पण तोपर्यंत लोक तेच नाव बेटावरच्या दुसऱ्या एका न उडणाऱ्या पक्ष्याला लावू लागले होते, असे काही अभ्यासक म्हणतात. सगळ्यांत जास्त मान्यता आहे ती १६६२ च्या नोंदीला. फोल्केर्ट एव्हर्टझ हा डच खलाशी जहाज फुटून मॉरिशसला लागला. किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर त्याला आणि त्याच्या सोबत्यांना डोडो दिसले. तो लिहितो की आम्ही एकाचा पाय धरला की तो ओरडे, आणि त्याचे ओरडणे ऐकून दुसरे त्याच्या मदतीला धावत येत, मग तेही पकडले जात.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. इतकी वर्षे मी मुलांना सांगत होते, माणूस दिसला की डोडो आपणच जवळ यायचा, इतका मूर्ख. आणि इथे प्रत्यक्ष पाहणारा सांगतो, तो का जवळ यायचा.

शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर डोडोचा चुलतभाऊ होता, सॉलिटेअर, म्हणजे एकांडा. तोही न उडणारा आणि तोही संपला. पण १६९१ मध्ये फ्रांस्वा लेगा हा फ्रान्समधून परागंदा झालेला माणूस त्या बेटावर येऊन दोन वर्षे राहिला. त्याने त्या पक्ष्याचे चालणे, जोडीने राहणे, नर-मादीने आळीपाळीने अंडे उबवणे, सगळे बारकाईने आणि कौतुकाने लिहिले. दोन्ही पक्षी सख्ख्यासारखे. एकाचे नाव शिवी झाले, दुसऱ्याचे नाही. फरक मला एवढाच दिसतो की लेगा तिथे राहिला आणि बघत बसला. बाकीचे भूक लागली म्हणून उतरले होते.

डोडोला न्याय मिळायला सुरुवात झाली ती एका शाळामास्तरामुळे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. जॉर्ज क्लार्क हा मॉरिशसच्या माएबूर गावात शिक्षक होता. जवळजवळ तीस वर्षे तो डोडोची हाडे शोधत होता. तोवर काही लोक डोडो ही खलाशांची थापच समजत होते. १८६५ मध्ये 'मार ओ सोंज' नावाच्या दलदलीत हाडे सापडली. रेल्वेचे अभियंता हॅरी हिगिनसन यांच्या आठवणीनुसार तिथे काही मजूर गाळ उपसत होते आणि त्यात निघणारी हाडे बाजूला काढून ढीग घालत होते. क्लार्कने मग माणसांना कमरेएवढ्या चिखलात उतरवले आणि पायाने चाचपून हाडे काढायला लावली. त्यातून डोडोचे सांगाडे जगाला मिळाले.

हिगिनसनने त्या मजुरांना नुसते 'कुली' म्हटले आहे. नाव एकाचेही नाही. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरातून जहाजे जात. मुंबईहून गेलेल्यांत आपले कोकणातले लोक होते. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये मराठी म्हणूनच ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, जिथे हे मजूर उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. घाम गाळून हाडे वर काढली त्यांना 'कुली' हे एकच नाव, आणि ज्याची हाडे त्याला 'डोडो'. नाव ठेवणारे दोन्हीकडे सारखेच.

२००५ पासून त्याच दलदलीत पुन्हा शास्त्रीय उत्खनन झाले. तिथली हाडे सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीची निघाली. त्या वेळी भीषण दुष्काळ पडला होता, आणि आटत चाललेल्या पाण्याभोवती कासवे, डोडो असे असंख्य जीव मेले होते. पण डोडोची जात त्यातूनही तरली. म्हणजे हजारो वर्षांचे दुष्काळ आणि वादळे ज्याने पचवली, त्याला जगता येत नव्हते असे मी वर्गात सांगत होते.

आणखी एक कबुली देते. १९७७ मध्ये स्टॅन्ली टेंपल यांनी लिहिले की मॉरिशसच्या तांबालाकोक नावाच्या झाडाचे बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, म्हणून डोडोमागे ते झाडही संपत आले, तेराच झाडे उरली. त्यांनी टर्कींना बिया भरवून पाहिल्या, त्यातल्या तीन रुजल्या. ही गोष्ट मी निरोप समारंभाच्या भाषणात कितीदा तरी वापरली आहे, गुरू-शिष्याचे उदाहरण म्हणून! पुढे निघाले ते असे, की झाडे तेरापेक्षा जास्त आहेत, काही तरुणही आहेत आणि बी डोडोवाचूनही रुजू शकते. डोडो फळे खाऊन बिया पसरवत असेल, पण गोष्ट इतकी सरळ नव्हती. २०१८ मध्येही असेच झाले. ऑक्सफर्डमध्ये जपलेले डोडोचे जे डोके आहे, ते लंडनमध्ये पाळलेल्या त्या पक्ष्याचे असावे असे समजत. नीट तपासल्यावर कवटीत शिशाचे छर्रे निघाले, मागून बंदूक झाडलेली. सुंदर गोष्ट दिसली की आम्ही शिक्षक ती उचलतो. आता वाटते, दर दहा वर्षांनी ती परत तपासावी.

एक बरी बातमीही आहे. त्याच मॉरिशसमध्ये १९७४ साली एका छोट्या ससाण्याचे चारच पक्षी उरले होते. गुलाबी कबुतर नावाचा पक्षी १९९० च्या सुमारास दहाएकांवर आला होता. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, घरटी राखून, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त करून दोन्ही जाती शेकड्यांवर नेल्या. २०२३ मध्ये एका अमेरिकन कंपनीने डीएनएच्या आधारे निकोबारी कबुतरापासून डोडोच 'परत आणण्याचा' प्रकल्प जाहीर केला. येईल तो खरा डोडो असेल का, मला ठाऊक नाही. पण आहे त्याला जपणे जमते, हे गुलाबी कबुतराने दाखवले आहे.

असो. चार महिन्यांनी मी मेळावा भरवणाऱ्या विद्यार्थिनीला फोन करून त्या मुलाचे पूर्ण नाव विचारून घेतले. ते वहीत लिहिले. मग त्याला फोन केला आणि नावाने हाक मारली. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "कोण, बाई? काय झालं?"

मी म्हटले, "अरे, सातवीत तू मला एक प्रश्न विचारला होतास, आठवतंय?" त्याला आठवत होते. शब्दनशब्द आठवत होते. मी म्हटले, "तुझं बरोबर होतं. त्यानं माणूस बघितलाच नव्हता, मग त्याला कसं कळणार? तो मूर्ख नव्हता. तेव्हा मीच चुकले."

तो म्हणाला, "जाऊ द्या हो बाई, किती वर्षं झाली." मागे वर्कशॉपमधल्या मोटारीचा आवाज येत होता. थोडे थांबून म्हणाला, "पोरं डोडो म्हणतात ते आता राहू द्या, सवय झालीय. पण तुम्ही नावानं हाक मारलीत, बरं वाटलं." इथे त्याचे नाव लिहू का असे विचारले, तर म्हणाला, "नको, बाई."

म्हणून लिहिले नाही. पण आता ते माझ्या लक्षात आहे.

लाकडी डोडो टीव्हीशेजारीच आहे. परवा शेजारच्या वहिनींनी त्याला उचलले आणि हसल्या. मी त्यांना खाली बसवले आणि चहा होईपर्यंत त्या एव्हर्टझची, पाय धरलेल्या पक्ष्याची आणि मदतीला धावणाऱ्या बाकीच्यांची हकीगत सांगितली. त्यांनी डोडो हलक्या हाताने परत जागेवर ठेवला.